पोकरचा कॅश गेम: नुसतं कॉल करत बसायचं की स्वतः मारायचं?

बटनवरचा
टूर्नामेंट बाजूला ठेवा. नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच), सहा जणांचं टेबल, प्रत्येकासमोर 100 बिग ब्लाइंडचा स्टॅक (बिग ब्लाइंड, पुढे बीबी, म्हणजे डावाआधी एकाने सक्तीने भरायची रक्कम; त्याच्या निम्मा तो स्मॉल ब्लाइंड). माझं मत: आत यायचं तर रेझ करून (रक्कम वाढवून) या, नाहीतर फोल्ड (पानं टाका). लिंप करून (म्हणजे न वाढवता नुसता 1 बीबीचा कॉल करून) 'स्वस्तात फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) बघणं' ही सगळ्यात महाग सवय.

3 बीबीचा रेझ, फक्त बिग ब्लाइंडवाल्याचा कॉल, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून पॉट (मधले जमा पैसे) 6.5. तिन्ही स्ट्रीटवर (फ्लॉप, मग चौथं पान टर्न, पाचवं रिव्हर) पॉटच्या दोन-तृतीयांश बेट लावली आणि दरवेळी कॉल आला, तर शेवटी पॉट 83 बीबीच्या आसपास जातो. लिंप करून 2.5 वरून सुरुवात केली तर जेमतेम 32. शिवाय एक्क्यांची जोडी एकाच्या कुठल्याही हातासमोर सरासरी 85% वेळा जिंकते. समोर पाच जण आत आले की निम्म्याहूनही कमी.

किलवर दुर्री
एक्के हातात असताना कुणालाही खेळता येतं हो! पैसा जातो तो मधल्या हातांत. फ्लॉप राजा-अठ्ठी-तिर्री, तुमच्याकडे एक्का-अठ्ठी. तीनदा मारलंत की हलके हात पळतात आणि राजावाला कॉल करत राहतो. म्हणजे जिंकलात तर चिल्लर, हरलात तर ढीग. चेक केलंत (बेट न लावता पाळी पुढे दिलीत) तर चुकलेला ड्रॉ (हवं ते पान न लागलेला अर्धवट हात) घेऊन बसलेला स्वतःच ब्लफ मारतो. त्याच्या अर्ध्या पॉटच्या बेटला कॉल करून चारांत एकदा जिंकलात तरी बरोबरीत सुटता.

आणि तिघे आत असतील तर ब्लफ विसरा. अर्ध्या पॉटच्या ब्लफला 33% वेळा फोल्ड लागतात. प्रत्येक जण 60% वेळा पानं टाकतो असं धरलं, तरी तिघांनी एकदम टाकण्याची शक्यता 22% सुद्धा नाही.

बटनवरचा
तिघांसमोर ब्लफ मारा असं म्हणालो कुठे? रेझ केला की सहसा तिघे उरतच नाहीत. ड्रॉचंही तेच. फ्लॉपवर बदामाच्या फ्लश ड्रॉला (चार बदाम आहेत, पाचवं हवं) नऊ पानं उपयोगी. टर्नला लागायची शक्यता 19%, रिव्हरपर्यंत 35%. नुसता कॉल केलात तर लागल्यावरच जिंकणार, आणि टेबलावर तिसरं बदाम दिसताच समोरचा हात आखडता घेणार. रेझ केलात तर फोल्ड आल्यावर पॉट तिथेच तुमचा, कॉल आला तरी नऊ पानं शिल्लक.

हिशेबनीस
दोघंही समोर कोण बसलंय ते सोडून भांडताय. सगळे लिंप करणारं टेबल असेल तर रेझ 3 बीबी अधिक प्रत्येक लिंपरमागे 1. तरीही चार कॉल येत असतील तर आकडा आणखी वाढवा, ब्लफ शून्यावर आणा, चांगल्या टॉप पेअरवर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाशी जोडी) मात्र बेट सोडू नका. डावीकडे सतत रेझ करणारा असेल तर किलवर दुर्रीचा चेक-कॉल योग्य.

छोट्या जोडीवर कॉल करताना दोघांचे स्टॅक मोजा. फ्लॉपवर सेट (जोडीला तिसरं तसंच पान) साडेआठ वेळांत एकदाच लागतो. 3 बीबी भरायचे तर मागे निदान 45 हवेत. समोरच्याकडे 30 च असतील तर फोल्ड. (स्मॉल ब्लाइंडवरून कॉल हा तर आजारच: पुढचे तिन्ही स्ट्रीट आधी बोलायचं, वर रेक, म्हणजे क्लबचा वाटा.)

किलवर दुर्री
स्मॉल ब्लाइंडचं मान्य. पण एक्का-अठ्ठी तीनदा मारणार का, याचं उत्तर अजून आलं नाही.

बटनवरचा
तीनदा नाही. फ्लॉपवर एक-तृतीयांश, टर्नला चेक. रिव्हरलाही समोरून चेकच आला तर पुन्हा एक-तृतीयांश. एवढ्याला अठ्ठी-सत्ती आणि दश्शीची जोडी कॉल करतात.

किलवर दुर्री
दश्शीवाला तुमच्या पुढे आहे, बुवा! राजा-अठ्ठी-तिर्रीवर तुमची फक्त अठ्ठीची जोडी.