उन्हाळी जॅकेटचं अस्तर: बाह्यांना मलमल नको

लिननच्या जॅकेटला आतून सगळीकडे सुती मलमल लावा, असा सल्ला दिला जातो. पाठीला चालेल, पण बाह्यांना नको. सुती अस्तर शर्टाला धरून बसतं, मग जॅकेट चढवताना शर्टाची बाही कोपरापर्यंत गोळा होते. मी हे करून पस्तावलोय.

बाह्यांना क्युप्रो मिळालं तर उत्तम. 'बेम्बर्ग' नावाने येतं ते हेच. सरकीवरचे बारीक तंतू विरघळवून त्याचे गुळगुळीत धागे काढतात, त्यामुळे रेशमासारखं घसरतं आणि घामही शोषतं. ते महाग पडत असेल तर व्हिस्कोज (म्हणजे रेयॉन) घ्या. फक्त ओलं झालं की ते कमजोर होतं, म्हणून काखेत शिवण सैल ठेवायला सांगा. पॉलिएस्टर मात्र टाळाच. सुती कापड हवेतली साधारण ८ टक्के ओल धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम आतच राहतो.

खरं तर कापडापेक्षा जास्त फरक अस्तर किती लावता याने पडतो. पाठीला फक्त खांद्यापुरतं लावून खाली मोकळं सोडा. आतल्या शिवणी उघड्या दिसतात, त्यांना पायपिन करावं लागतं, म्हणजे कडांना कापडाची पट्टी लावावी लागते, म्हणून टेलर कुरकुरतो आणि शिलाईही जास्त लावतो. द्यावी. आणि मलमल वापरणारच असाल तर आधी भिजवून आटवून घ्या.