मदत हवी आहे: डबल स्ट्रोलर बाजूबाजूचा घ्यावा की पुढेमागे सीटवाला? (जरा अर्जंट)

खिडकीतली_चिमणी:
मला डबल स्ट्रोलर घ्यायचाय आणि याच आठवड्यात ठरवायचाय. बाजूबाजूला सीट असलेला घेऊ की पुढेमागे? चार रात्री झाल्या, दूध पाजताना एका हाताने फोनवर हेच बघतेय, आता सगळे सारखेच दिसायला लागलेत. एक जण लिहितो अप्रतिम आणि त्याच्याच खाली दुसरा लिहितो चुकूनही घेऊ नका. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनीच सांगा प्लीज. लवकर हवंय.

जुळ्यांचा_बाबा:
अभिनंदन! आमचीही जुळीच, आता साडेतीन वर्षांची. डोळे झाकून बाजूबाजूचा घ्या. दोघांना समोरचं सारखंच दिसतं, दोन्ही सीट सारख्या मागे झुकतात आणि मुख्य म्हणजे वळवायला हलका जातो. फूटपाथवर चढवताना हँडल थोडं खाली दाबलं की पुढची चाकं आपसूक वर येतात. पुढेमागेवाल्यात पुढे मूल बसलेलं असताना तेच करून बघा, मनगटं भरून येतात. आम्ही आधी तो घेतला होता आणि तीन महिन्यांत काढून टाकला.

पारिजात_९:
थांबा हो, जुळी आहेत असं तिने कुठे लिहिलंय? चिमणी, मुलं केवढी आहेत? घरी लिफ्ट आहे की जिने? गाडीच्या डिकीत टाकायचाय का? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो नुसता अंदाज.

खिडकीतली_चिमणी:
मुलं लहान आहेत म्हणूनच तर डबल पाहिजे ना. लिफ्ट आहे. गाडीचा प्रश्न नाही, चालतच जायचंय. दोघांना घेऊन मला एकटीला बाहेर पडता आलं पाहिजे, बास.

रविवारची_सायकल:
तीन चाकांचा मोठ्या टायरवाला घ्या, हवा भरायचे टायर असतात तो. खडबडीत रस्त्यावर लोण्यासारखा जातो. मी रोज सकाळी धाकटीला घेऊन त्याच्यासोबत पळायला जायचो.

जुळ्यांचा_बाबा:
त्या टायरना पंक्चरही होतं, तेही सांगा की. फोमच्या चाकांना ती कटकट नाही. आणि तान्ह्या बाळाला घेऊन पळायचं नसतं, मान पक्की धरायला लागल्याशिवाय तर नाहीच. तुमची धाकटी केवढी होती तेव्हा?

रविवारची_सायकल:
वर्षाची होऊन गेली होती. मी टायरबद्दल बोलतोय, तान्ह्या बाळाबद्दल नाही.

पारिजात_९:
चिमणी, 'लहान' म्हणजे किती गं? तीन महिन्यांचं आणि तीन वर्षांचं, दोन्ही लहानच. इथे सगळं त्यावरच ठरतं.

जुनी_चाकं:
आधी एक विनंती, बाबागाडी म्हणा की. इतका गोड शब्द असताना स्ट्रोलर कशाला? आणि ही घडीची बाबागाडी आली कुठून ते ठाऊक आहे का? ओवेन मॅक्लारेन नावाचे विमानांचे अभियंते होते, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या लँडिंग गिअरवर त्यांनी काम केलं होतं. नातीला घेऊन लेक आली तेव्हा तिची ती जड प्रॅम हलवताना होणारी ओढाताण त्यांनी पाहिली आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनवली. विमानाची चाकं जशी पोटात दुमडून जातात तसाच विचार. मला हे वाचल्यापासून कुठलीही बाबागाडी मिटताना दिसली की थांबून बघावंसं वाटतं.

पारिजात_९:
काका, माहिती छानच आहे, पण तिला या आठवड्यात गाडी घ्यायचीये. इतिहासाचा वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

खिडकीतली_चिमणी:
बरं सांगते. मोठा २० महिन्यांचा, धाकटी ५ आठवड्यांची. सिझर झालंय. दिवसभर घरी मी एकटीच असते. परवा धाकटीला लसीसाठी न्यायचं होतं, ती कडेवर आणि मोठ्याचा हात धरलेला. फाटकाबाहेर त्याला मांजर दिसली आणि त्याने हात सोडवून सरळ रस्त्याकडे धाव घेतली. मला पळताच येईना, एक हात तिच्या मानेखाली, टाक्यांना ओढ बसत होती, नुसती ओरडत राहिले. एका मुलीने त्याला मागून शर्टाला धरलं. त्या दिवसापासून मी खाली उतरलेलेच नाही. म्हणून घाई आहे. बाजूबाजूचा की पुढेमागे, एवढंच सांगा ना.

पारिजात_९:
अगं बाई. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचंस ना. मोठ्याला काही झालं नाही ना? आणि तू स्वतः बरी आहेस ना?

खिडकीतली_चिमणी:
तो ठीक आहे. त्याला आठवतही नाहीये. मला रात्री आठवतं.

कापडी_झोळी:
डबल घेऊच नकोस. बाळाला स्लिंगमध्ये छातीशी बांध आणि मोठ्याला साध्या हलक्या सिंगल स्ट्रोलरमध्ये बसव. दोन्ही हात मोकळे, लिफ्टची कटकट नाही, बाळ आईच्या अंगाशी शांत झोपतं. मी दोन वर्षं असंच केलं. फक्त बाळाचा चेहरा सतत दिसत राहायला हवा, हनुवटी छातीत रुतायला नको आणि मान वाकवली तर तिच्या टाळूची पापी घेता येईल इतकी वर बांध.

मधली_सुट्टी:
सिझरला ५ आठवडे झालेत हे वाचलंत का? बाळापेक्षा जड काही उचलू नका असं डॉक्टर साधारण ६ आठवडे सांगतात, कोणाला त्याहून जास्त. स्लिंगचा पट्टा पोटावर नेमका टाक्यांच्या जागी येतो. आणि मोठा हट्टाला पेटून रस्त्यात लोळण घेईल तेव्हा छातीवर बाळ बांधलेलं असताना त्याला कसं उचलणार?

कापडी_झोळी:
पट्टा वर बांधता येतो. आणि डबल स्ट्रोलर काय हलका असतो का? १२ ते १५ किलोचा सांगाडा, त्यात दोन मुलं. ढकलायला तीच ना?

मधली_सुट्टी:
ढकलणं आणि उचलणं यात फरक आहे. सपाट रस्त्यावर ढकलता येतं. जिना असता तर मी पण नको म्हटलं असतं. तरी चिमणी, तुझ्या डॉक्टरांना एकदा विचारून घे.

दोन_फुलं:
आमच्याकडे २२ महिन्यांचं अंतर होतं, त्यामुळे सांगते. ५ आठवड्यांच्या बाळाला सपाट झोपता आलं पाहिजे, हे सगळ्यात आधी बघ. मान धरत नाही तोवर अर्धवट बसवलं की डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बऱ्याच डबल स्ट्रोलरमध्ये 'जन्मापासून' असं लिहिलेलं असतं पण ते एकाच सीटला लागू असतं, कधी कधी वेगळी कॅरीकॉट (बाळाला सपाट झोपवायची टोपली) लावली तरच. म्हणून कुठली सीट पूर्ण सपाट होते ते स्वतः हाताने पाडून बघ, फोटोवर जाऊ नकोस. दुसरं म्हणजे मोठ्यासाठी पाच पट्ट्यांचा बेल्ट, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. तीन पट्ट्यांच्या बेल्टमधून २० महिन्यांचं पोर उभं राहतं आणि बाहेर येतं.

गाडीवाला_मामा:
कार सीटच काढून स्ट्रोलरला लावता येते असा सेट घ्या. गाडीतून बाळाला न उठवता थेट खाली.

दोन_फुलं:
मामा, तिने गाडीचं विचारलेलंच नाही, उलट गाडी नकोच म्हणालीये. आणि कार सीट चालत्या गाडीतल्या प्रवासासाठी असते, त्यात तान्ह्याला तासन्‌तास झोपवायचं नसतं, कारण तेच, मान पुढे पडण्याचं.

उभा_फळीवर:
अजून एक पर्याय कोणी सांगितला नाही. सपाट झोपणारा चांगला सिंगल घ्यायचा आणि मागे चाकांची फळी जोडायची, मोठा त्यावर उभा राहतो. माझी लेक तीन वर्षांची असताना आम्ही तेच केलं आणि फार सुटसुटीत झालं.

पारिजात_९:
तीन वर्षांच्या मुलीचं वेगळं. हा २० महिन्यांचा आणि मांजर दिसली की धावणारा. फळीवरून उतरायला त्याला एक क्षण पुरेल. याला बेल्टमध्येच हवा. वर्षभराने फळीचा विचार कर चिमणी.

जुळ्यांचा_बाबा:
मी तरी बाजूबाजूचाच म्हणेन. दोन्ही सीट सपाट होणारे मिळतात.

पारिजात_९:
लिफ्टचा दरवाजा किती रुंद आहे ते कोणी विचारलं का? चिमणी, माप घे. आतली खोली नाही, दरवाजा पूर्ण उघडल्यावर मधे उरते ती मोकळी जागा.

खिडकीतली_चिमणी:
७० सेंमी. आत १०० रुंद आणि १२२ खोल. शेजारच्या काकूंनी टेप धरली.

पारिजात_९:
मग उत्तर मिळालं. बाजूबाजूचे बहुतेक ७५ सेंमीच्या आसपास असतात, काही त्याहून रुंद. तुझ्या दरवाज्यातून जाणारच नाही. पुढेमागेवाले साधारण ६० ते ६५ असतात.

जुळ्यांचा_बाबा:
हे मान्य. आमची लिफ्ट मोठी होती म्हणून मला कधी जाणवलंच नाही. पण पुढेमागेवाला लांब असतो, १०० ते १२० सेंमी. आत गाडी मावेल, तिने उभं कुठे राहायचं?

खिडकीतली_चिमणी:
हो ना!! हाच घोळ चालू आहे डोक्यात.

दोन_फुलं:
आत रुंदी १०० आहे ना, मग गाडी एका भिंतीला लावायची आणि तू बाजूला. शिरताना ढकलत नको शिरू, तू आधी उलटी आत जा आणि गाडी मागे ओढून घे, मग हँडलपाशी सरक बाजूला. म्हणजे मुलं आत आणि तू बाहेर असताना दरवाजा बंद व्हायची भीती राहत नाही. थांबलीस की लगेच ब्रेक, ही सवयच लाव. विकत घ्यायच्या आधी मोठ्या खोक्याचा पुठ्ठा गाडीच्या मापाने काप आणि लिफ्टमध्ये टाकून बघ.

मधली_सुट्टी:
आणि हँडलला सामानाची पिशवी कधीही लटकवू नकोस. माझी लटकवलेली होती, पुढच्या सीटमधून लेकाला उचलला आणि क्षणात सगळी गाडी मागे उलथली, मागच्या सीटमध्ये धाकटा होता. बेल्ट लावलेला म्हणून बाहेर पडला नाही. हँडलचा दांडा फरशीवर आदळल्याचा आवाज अजून कानात आहे. सामान खालच्या बास्केटमध्ये. आणि उतरवताना आधी मागच्याला काढायचं, मग पुढच्याला.

जुनी_चाकं:
ऊन असेल तर बाबागाडीवर दुपटं टाकून पूर्ण झाकू नका, पातळ असलं तरी. आत हवा कोंडते आणि बघता बघता तापते. टपच पुरेसा असतो, नाहीतर सावली बघून जायचं.

रविवारची_सायकल:
एक विचारू? मूल इतकं गाडीत बसलं तर चालायचा कंटाळा नाही का करणार?

पारिजात_९:
पाच आठवड्यांच्या टाक्यांनी त्याच्यामागे पळता येत नाही, म्हणून गाडी. बागेत पोचला की सोडेल ती. रस्त्यावर बेल्ट.

खिडकीतली_चिमणी:
पुठ्ठा कापला, ६२ बाय ११०. दरवाज्यातून दोन्हीकडे चार-चार सेंमी मोकळे राहतात. आत भिंतीला लावला आणि मी बाजूला आरामात उभी राहिले. मोठा पुठ्ठ्यावर बसून घेतला, उठायला तयार नव्हता. ओळखीतल्या एकीकडे पुढेमागेवाला आहे, दीड वर्ष वापरलेला, ती देतेय. घेऊ का? जुन्यात काय बघायचं?

दोन_फुलं:
मागची सीट सपाट होते का ते आधी. मग ब्रेक लावून जोरात ढकलून बघ, चाक जरासुद्धा फिरता कामा नये. बेल्टची शिवण उसवलेली नको आणि बकलचा टक्‌ असा आवाज यायला हवा. उघडल्यावर घडीचं लॉक पक्कं बसतंय ना ते दोनदा बघ, अर्धवट बसलं तर मुलं आत असताना गाडी मिटू शकते. उघडताना आणि मिटताना मोठ्याला लांब ठेव, बिजागरीत बोटं सापडतात. मॉडेलचं नाव आणि नंबर टाकून कंपनीने ते परत मागवलंय का तेही शोध. आणि प्रत्येक सीटला किती वजन चालतं ते सांगाड्यावर चिकटवलेलं असतं, कुठे १५ किलो, कुठे २२.

जुळ्यांचा_बाबा:
फूटपाथवर चढवताना हँडल दाबायच्या आधी मागच्या नळीवर पाय ठेवायचा, म्हणजे पोटावर ताण येत नाही. उतरताना उलटं वळून मागची चाकं आधी.

खिडकीतली_चिमणी:
घेतला. मागची सीट सपाट होते, डॉक्टरांनीही सपाट रस्त्यावर ढकलायला हरकत नाही म्हणून सांगितलं. आज अकरा वाजता दोघांना घेऊन उतरले. लिफ्टमध्ये उलटी शिरले, ब्रेक लावला. फाटकापाशी तीच मांजर बसली होती. मोठा बेल्टमध्ये पुढे वाकून दोन्ही हात लांब करून तिला बोलवत राहिला आणि मी तिथे थांबले, चांगली पाच मिनिटं, त्याला पाहिजे तेवढं बघू दिलं. धाकटी मागे झोपलेलीच होती. फक्त परत येताना पुढचं डावं चाक थरथरत होतं, ते कशाने?

जुळ्यांचा_बाबा:
चाकाच्या दांड्याला केस आणि दोरे गुंडाळलेले असणार. चाक बटण दाबून निघतं, काढून साफ करा, दांडा पुसून घ्या. तरीही थरथरलं तर पुढच्या दोन्ही चाकांचं वळण लॉक करून सरळ रस्त्यावर चालवून बघा आणि काय होतं ते इथे लिहा.