१५ वर्षांच्या मुलासाठी मुंबईत कुणाला दाखवू? निवासी केंद्रात ठेवावं का?

मुलुंडची_आई
नमस्कार मंडळी, इथे नेहमी नुसती वाचत असते, आज नाइलाजाने धागा काढतेय. मुलगा १५ वर्षांचा, जूनपासून दहावी. नववीची परीक्षा कशीबशी दिली, आता क्लासला जायचं नावच नाही. रात्रभर मोबाईल, दुपारी एकला उठणार, जेवायला हाक मारली की दार आपटणार. दप्तरात व्हेप सापडलं, मिस्टरांनी विचारलं तर कपाटाची काच फोडली. आणि या मे महिन्याच्या उकाड्यात घरातसुद्धा फुल बाह्यांचा टीशर्ट घालून बसतो, ते मला काही बरं वाटत नाहीये.

दीर म्हणतात कर्जतच्या बाजूला एक निवासी केंद्र आहे, शिस्त लावतात, मुलं सुधारून येतात. फोन केला तर सहा महिन्यांची फी आधी भरा म्हणाले आणि पहिले दोन महिने भेट नाही, फोन नाही. मिस्टर तयार आहेत, मला धीर होत नाही. कुणाला अनुभव आहे का? नाहीतर चांगला डॉक्टर किंवा काउन्सेलर सुचवा, खिशाला परवडेल असा.

दादरचा_बंड्या
आमच्या वेळी दोन कानाखाली बसल्या की सगळं सरळ व्हायचं. मोबाईल काढून घ्या आधी.

सायन_स्टाफ
बंड्याभाऊ, माफ करा पण या पोराच्या बाबतीत नको. ताई, मी पालिकेच्या हॉस्पिटलात नोकरीला आहे, डॉक्टर नाही, पण वॉर्डात बरंच बघितलंय. फुल बाह्यांचं तुम्हाला जे वाटतंय ते सरळ विचारा. ओरडून नाही, बाह्या ओढून नाही. रात्री तो एकटा असताना शेजारी बसायचं आणि म्हणायचं, "तू स्वतःला काही करून घेतोयस का? मरावंसं वाटतं का कधी?" विचारल्याने डोक्यात नसलेलं शिरत नाही, हा लोकांचा गैरसमज आहे, उलट बहुतेक पोरांना हायसं वाटतं. हो म्हणाला तर रडारड, शपथा काही नको, "बरं झालं सांगितलंस" एवढंच. आणि आजच्या आज घरातली औषधं कुलपात टाका, आजीच्या झोपेच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, उंदीर मारायचं औषध, सगळं. त्याला एकटं ठेवू नका दोनचार दिवस. लगेच काही करून घेईल असं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत थेट घेऊन जायचं.

रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं झालं तर टेलिमानसचा नंबर १४४१६. मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन तुम्ही स्वतःसाठी पण करू शकता, पोराने करावा असं काही नाही.

दाखवायला सायन, केईएम, नायर तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. ओपीडीचे वार आणि वेळ आधी विचारून घ्या, सकाळी लवकर या कारण केसपेपरलाच लाइन असते, पण पैसे नगण्य लागतात.

ठाणेवाली_मावशी
अगं मुलुंडला राहतेस तर ठाण्याची आयपीएच जवळ पडेल तुला. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे, मुलांसाठी वेगळे लोक आहेत आणि आईबापांनाही बसवून बोलतात. माझ्या भाचीला तिथेच नेलं होतं, ती नको नको म्हणत होती तर आधी माझी बहीणच एकटी जाऊन बोलून आली, मग महिन्याभराने पोरगी आपणहून गेली. वेटिंग असतं थोडं, आजच फोन कर.

वकील_परळ
केंद्राबद्दल लिहितो. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ प्रमाणे १८ च्या आतल्या मुलाला मानसिक उपचारासाठी दाखल करायचं तर तो अपवादच समजायचा. पालकांनी अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी मुलाला वेगवेगळं तपासायचं (त्यातला एक तरी सायकिअॅट्रिस्ट हवाच), घरी राहून उपचार का जमणार नाहीत ते त्यांना पटलेलं पाहिजे. मोठ्या पेशंटसोबत ठेवता येत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे पालक किंवा पालकांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ मुलाबरोबर राहिलं पाहिजे, शिवाय या कायद्याखालच्या मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाला ७२ तासांत कळवायचं असतं. कुठे कायदा सांगतो की आईने सोबत राहा आणि कुठे हे म्हणतात दोन महिने तोंड दाखवू नका!

आता ते म्हणतील आम्ही हॉस्पिटल नाही, आम्ही "संस्कार" देतो. ठीक आहे, मग रात्री तिथे कोण असतं, डॉक्टर कोण, पोरगा आजारी पडला तर कुठे नेतात, कायद्याखाली नोंदणी आहे का, हे लेखी मागा. आणि "मी न सांगता कधीही येईन, चालेल ना?" हे विचारा. त्यावर आढेवेढे घेतले की फोन ठेवून द्या.

मुक्काम_न्यूजर्सी
वकीलसाहेबांना +१. इकडे अमेरिकेत हा मोठा धंदा आहे, पोराला रात्री झोपेतून उठवून गाडीत घालून दूरच्या कॅम्पला नेतात, आईबापांनीच पैसे भरलेले असतात. हिल्टन हॉटेलवाल्यांच्या घरातली पॅरिस हिल्टन लहानपणी अशाच ठिकाणी होती, तिने वर्षानुवर्षं आवाज उठवला तेव्हा कुठे डिसेंबर २०२४ मध्ये मुलांच्या संस्थांमधल्या छळाविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. तिथेही घरी केलेले फोन कुणीतरी शेजारी बसून ऐकायचं, पोरं सांगणार काय कप्पाळ.

गोरेगाव_पूर्व
व्हेपसाठी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र बघा की, पुण्याला आहे.

सायन_स्टाफ
मुक्तांगण उत्तमच आहे हो, पण दप्तरात एक व्हेप सापडलं म्हणून लगेच व्यसनमुक्ती केंद्र कशाला. आधी सायकिअॅट्रिस्ट बघू दे. ताई, शाळेत काही झालंय का? पोरं अशी अचानक शाळा टाकत नाहीत.

मुलुंडची_आई
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री बसले त्याच्याजवळ, विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग हो म्हणाला, हात दाखवला. मरायचं नाहीये म्हणाला, डोकं शांत होतं म्हणाला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, त्याच्यासमोर नाही. १४४१६ ला बोलले, ती मुलगी खूप नीट बोलली, घाई न करता.

आणि शाळेचं पण कळलं, वर्गातल्या मुलांनी त्याच्या फोटोचं व्हॉट्सॲप स्टिकर केलंय, कुठेही काही झालं की तेच टाकतात, दिवाळीपासून चाललंय. केंद्राला नाही कळवलं, मिस्टर अजून धुसफुसतायत पण वकीलसाहेबांचं लिहिलेलं वाचायला दिलं तर गप्प बसले. आयपीएचची तारीख जरा लांबची मिळाली, तोपर्यंत सोमवारी सायनला नेणार. त्याला काय सांगून नेऊ? डोळे तपासायला जाऊ म्हणू का?

ठाणेवाली_मावशी
नको गं बाई, खोटं बोलून नेलंस तर डॉक्टरसमोर तोंडच उघडणार नाही. सरळ सांग, "हाताचं आणि झोपेचं बघायला डॉक्टरकडे जातोय, मी आहे बरोबर, आत तू एकटा बोललास तरी चालेल." बाबांना त्या दिवशी घरी ठेव.

सायन_स्टाफ
बरोबर. आणि नंतर खाजगी काउन्सेलर बघितलात तर पदवी विचारा, लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी नंबर असतो. चार दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावलेले गल्लोगल्ली आहेत.

मुलुंडची_आई
हो. आणि दहावीचं काय करू? त्या शाळेत मी त्याला परत पाठवणार नाही.

वकील_परळ
शाळा बदलून बघा आधी. स्टिकरचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या. यंदा शाळा जमणारच नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, तारखा एसएससी बोर्डाच्या साइटवर येतात, लक्ष ठेवा. पण आधी सोमवार होऊ दे.