अनुभव धागा: घर गरिबीत कशाने गेले आणि सरकारी मदत कितपत पोचली?

गरिबीच्या कारणांची चर्चा बहुधा आळस आणि व्यसनावर येऊन थांबते. आपल्या घरात काय घडले ते सांगावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

माझे आजोबा बीड जिल्ह्यातले, चौदा एकर कोरडवाहू जमिनीचे मालक. 1972 च्या दुष्काळात बैल विकावे लागल्यावर ते आजीसह पाझर तलावाच्या कामावर गेले आणि जे मजूर पूर्वी आमच्या शेतात राबत, त्यांच्याच शेजारी बसून खडी फोडू लागले. कामावर सुकडी (पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ) मिळे; रेशनची लाल मिलो ज्वारी मात्र आजीच्या घशाखाली कधी सुखाने उतरली नाही. त्या मजुरीमुळे जमीन सावकाराकडे गेली नाही, आणि पुढे पाऊस पडला तेव्हा पेरायला रान शिल्लक होते.

(निवृत्त कनिष्ठ अभियंता, सोलापूर)
रोजगार हमीचा कायदा 1977 चा, आणि मागितल्यावर 15 दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, ही त्यातली तरतूद. हजेरीपटावर खोटी नावे मी स्वतः पकडली आहेत, तरीही भर उन्हात माती वाहायला गरज नसलेला माणूस येत नाही, हेही मी पाहिले. शहरातल्या पगारदारांचा जो व्यवसाय कर कापला जातो, तो मुळात 1975 मध्ये याच योजनेसाठी लावला होता. पगारपत्रकाकडे पाहून कुरकुरणाऱ्या माझ्या मुलाला हे ठाऊक नव्हते.

(लालबाग, मुंबई)
18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांची नोकरी पुन्हा उभी राहिली नाही. रोजगार हमी खेड्यांसाठी होती. आम्ही आईच्या खाणावळीवर जगलो.

(नांदेड)
वडील गेल्यावर आईने संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज केला, तेव्हा वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये असल्याचे कळले. म्हणजे महिन्याला 1,750. चार घरची धुणीभांडी करणारी बाईही खरे उत्पन्न सांगून यात बसत नाही, त्यामुळे दाखला मिळवण्यातच आईचे सात महिने आणि कित्येक दिवसांची मजुरी गेली. आता महिन्याला 1,500 रुपये येतात. त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या आणि गॅस भागतो, आणि महिनाअखेरीस कामाच्या घरी उचल मागणे तिने बंद केले आहे.