पुण्यातले अर्धवट राहिलेले कायद्याचे शिक्षण आणि सॅन होजे स्टेटच्या जस्टिस स्टडीजमध्ये ट्रान्सफर : मदत हवी आहे

पाऊलवाट :

नमस्कार. मी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत राहते आणि २०२३ च्या फॉल (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या) सत्रापासून इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात, शिकते आहे. विषय ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’ (पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांचा अभ्यास) आणि पदवी ट्रान्सफरसाठीची (पुढे विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठीची) असोसिएट, म्हणजे सगळे जिला एडीटी म्हणतात ती. २०२६ च्या फॉलला सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत जस्टिस स्टडीजच्या बी.एस.ला प्रवेश मिळावा अशी इच्छा आहे. अर्जाची मुदत डिसेंबरच्या आरंभी संपते आणि माझा अर्ज तीन ठिकाणी अडला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण खरी अडचण तिच्यातच आहे. बारावीनंतर मी पुण्यात कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. दोन वर्षे पूर्ण केली. दुसऱ्या वर्षी एका विषयात एटीकेटी लागली, त्याच सुमारास लग्न ठरले, आणि तो विषय सोडवायचा राहिला तो राहिलाच. त्या गुणपत्रिका वीस वर्षे आईच्या कपाटात पडून आहेत. कम्युनिटी कॉलेजात नाव घालताना मी ‘पूर्वीचे शिक्षण : बारावी’ एवढेच लिहिले. लपवण्याचा हेतू नव्हता, पण अर्धवट शिक्षणाला शिक्षण म्हणावे असे त्या वेळी वाटले नव्हते. आता कॅल स्टेट अप्लायच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या (सीएसयूच्या) सामाईक ऑनलाइन अर्जात आजवर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचे नाव मागितले आहे. तिथे पुण्याचे नाव लिहिले तर एटीकेटीसकट सगळे उघड होईल, आणि न लिहावे तर मन खाते. ज्या विषयाचे नावच ‘न्याय’ आहे त्याच्या प्रवेशअर्जात पहिलीच नोंद अपुरी द्यावी हे मला बरे वाटत नाही, पण चार सत्रे टिकवलेला ३.६ चा जीपीए (गुणांची सरासरी) त्या एका विषयामुळे घसरेल अशी भीतीही वाटते. शिवाय त्या गुणपत्रिकांवर माझे माहेरचे नाव आहे. नुसते आडनाव नव्हे, लग्नात आमच्याकडे पहिले नावही बदलले होते, त्यामुळे कागदावरची मुलगी आणि मी या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात.

दुसरी अडचण युनिट्सची, म्हणजे विषयांच्या श्रेयांकांची आहे. माझ्या कॉलेजातली ४२ युनिट्स डिसेंबरपर्यंत पूर्ण होतील आणि स्प्रिंगमध्ये (जानेवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्रात) १२ घेणार आहे. त्याखेरीज डी अ‍ॅन्झा कॉलेजातून दोन विषय ऑनलाइन केले आहेत, कारण आमच्याकडचा एथ्निक स्टडीजचा वर्ग भरला होता आणि दुसरा विषय माझ्या कामाच्या वेळेत येत होता. माझ्या हिशेबाने हे दोन विषय मिळून ६, म्हणजे एकूण बरोबर ६० होतात. मात्र अर्जात माहिती भरताना बेरीज ६० येत नाही.

तिसरी अडचण सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मुख्य विषयाखेरीज सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या विषयांची आहे. एका काउन्सेलरने मला या विषयांचा कॅल-गेट-सी नावाचा तक्ता दिला, तर माझ्या जुन्या शैक्षणिक आराखड्यावर सीएसयू जीई ब्रेड्थ हा दुसराच तक्ता लिहिलेला आहे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की डोके गरगरते. यांपैकी कोणता धरायचा?

घरी दोन मुले आहेत आणि यजमानांची नोकरी इथलीच आहे, तेव्हा दूरच्या गावी जाऊन शिकणे शक्य नाही. नातेवाईक विचारतात की तू आता पोलिसात जाणार का. त्यांना अजून समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. सॅन होजे स्टेटच्या जस्टिस स्टडीज विभागात रेकॉर्ड क्लिअरन्स प्रोजेक्ट नावाचा उपक्रम चालतो. त्यात पदवीचे विद्यार्थी वकिलांच्या देखरेखीखाली लोकांना जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी न्यायालयातून दूर करून घ्यायला मदत करतात. मला ते काम शिकायचे आहे. ज्यांनी असा ट्रान्सफर घेतला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यकडा :

ताई, अर्ज करण्याआधी टॅग (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) भरा. टॅग भरला की प्रवेशाची हमी मिळते आणि बाकीच्या चिंता उरत नाहीत. माझ्या पुतण्याने तसेच केले होते.

गोदाकाठ :

सह्यकडा, तुमचा पुतण्या यूसीच्या एखाद्या कॅम्पसला गेला असणार. टॅग ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सोय आहे, तीही तिच्या सहाच कॅम्पसपुरती, आणि तिचे अर्ज सप्टेंबरमध्येच भरून होतात. सॅन होजे स्टेट ही कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची शाखा आहे. तिथे ताईंना उपयोगी पडेल ती त्यांची एडीटीच.

पाऊलवाटताई, मी आठ वर्षांपूर्वी याच वाटेने याच विभागात गेलो, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही ज्याला मोठा प्रश्न समजता त्याचे उत्तर सरळ आहे, आणि ज्याला लहान समजता तो तुमचा अर्ज बुडवू शकतो.

युनिट्सपासून सुरुवात करू. डी अ‍ॅन्झा आणि फूटहिल ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर चालतात. तिथली दीड युनिट्स म्हणजे सेमिस्टरचे एक. तुमचे दोन्ही विषय प्रत्येकी ४ क्वार्टर युनिट्सचे असतील, तर त्यांची बेरीज ८, आणि ८ ला दीडने भागले की ५.३३. म्हणजे तुमची एकूण युनिट्स ५९.३३ होतात, ६० नव्हेत. आपण मनातल्या मनात ‘एक विषय म्हणजे तीन युनिट्स’ असे धरून चालतो आणि तिथेच फसतो. पाऊण युनिटाहूनही कमी असलेली ही तूट किरकोळ दिसते, पण अप्पर डिव्हिजन (तिसऱ्या वर्षातल्या) ट्रान्सफरला ६० म्हणजे ६० च लागतात आणि एडीटीही तेवढ्यांशिवाय हाती येत नाही. फॉलच्या प्रवेशासाठी ती आधीच्या स्प्रिंगच्या अखेरीस पुरी झालेली असावीत. ‘उन्हाळ्यात एखादा विषय करून टाकू’ या भरवशावर राहू नका. स्प्रिंगमध्येच सीएसयूला ट्रान्सफर होणारा एक युनिटाचा कोणताही विषय घ्या. रहिवासी विद्यार्थ्यांना युनिटामागे ४६ डॉलर पडतात, तेवढ्यात तुमचे वर्ष वाचते.

स्प्रिंगच्या बारा युनिट्समध्ये कोणते विषय आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही. लेखन, भाषण, तर्कविचार आणि गणित या चारांना इथे ‘गोल्डन फोर’ म्हणतात. यांतला एक जरी राहिला तरी बाकीचे साठ युनिट्स असून उपयोग नाही. स्टॅटिस्टिक्स बाकी असेल तर ते आता पुढे ढकलू नका.

आता पुण्याविषयी. लिहायचे, दुसरा पर्याय नाही. अर्जात प्रत्येक कॉलेज मागितले आहे, मग देश कोणताही असो आणि पदवी मिळालेली असो वा नसो. एटीकेटीमुळे कोणी तुम्हाला दारातून परत पाठवणार नाही, पण दडवलेले कॉलेज पुढे उघडकीस आले तर दिलेला प्रवेशही काढून घेता येतो. कम्युनिटी कॉलेजच्या नोंदींतही तेवढी दुरुस्ती आत्ताच करून घ्या, म्हणजे दोन ठिकाणी दोन कहाण्या राहणार नाहीत. त्या दोन वर्षांचे विषय मात्र हिशेबात धरू नका, कारण परदेशी कॉलेजातले विषय कॅल-गेट-सीच्या प्रमाणपत्रात चालत नाहीत. तसे पाहता तुमची पदवी अपुरी राहिली हे इथे पथ्यावरच पडले आहे. ती पूर्ण झाली असती तर तुमची गणना दुसरी पदवी मागणाऱ्यांत झाली असती, आणि त्यांच्यासाठी सीएसयूची दारे बरीच अरुंद आहेत.

तळ्यात_मळ्यात :

नावाच्या घोळातून मी गेले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. अर्जात पूर्वीच्या नावासाठी वेगळी जागा असते, तिथे गुणपत्रिकेवरचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जसेच्या तसे लिहावे. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही नावे असतील तर ते पुरावा म्हणून जोडता येते. तुमच्यासारखे पहिले नावही बदलले असेल आणि तेव्हा राजपत्रात जाहीर केले असेल, तर ती प्रतही जवळ असू द्या. गणेशखिंडीतून ट्रान्सक्रिप्ट मागवताना विद्यापीठाच्या नव्या नावाचा गोंधळ करू नका. तुमच्या कागदावर ‘पुणे विद्यापीठ’ असेल आणि ट्रान्सक्रिप्टवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ येईल. हे नामांतर २०१४ साली झाले, एवढी एक ओळ सोबत लिहून दिली तरी इथल्या कारकुनाचा गोंधळ टळतो. आईला मात्र कपाटातले मूळ कागद पोस्टाने पाठवू देऊ नका. स्कॅन करून घ्या.

पाऊलवाट :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. स्टॅटिस्टिक्स स्प्रिंगमध्येच घेतले आहे आणि बाकीचे तीन विषय झाले आहेत. सामान्य शिक्षणाच्या तक्त्याचे तेवढे राहिले. शिवाय आमच्या कॉलेजात ‘सोशल जस्टिस स्टडीज’ नावाचीही एक एडीटी आहे. नाव तर तिचेच अधिक जुळते, तर मी चुकीची निवडली आहे का?

गोदाकाठ :

नावावर जाऊ नका. सोशल जस्टिसचा भर वंश, लिंगभाव आणि विषमता यांच्या अभ्यासावर असतो. सॅन होजेचा जस्टिस स्टडीज विभाग १९३० साली पोलीस प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमातून सुरू झाला आणि पुढे न्यायालये, तुरुंग, मानवाधिकार असा विस्तारत गेला. तुमची अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिसच त्याला जुळते, आणि जुळणाऱ्या एडीटीचा फायदा असा की पुढची पदवी आणखी ६० युनिट्समध्ये पूर्ण होण्याची तजवीज कायद्यानेच केलेली आहे. हमी मात्र सीएसयूच्या कोणत्या तरी कॅम्पसची असते, सॅन होजेचीच नव्हे. तिथले सगळेच विषय इम्पॅक्टेड आहेत, म्हणजे जागांपेक्षा अर्ज जास्त येतात. तुम्हाला घर सोडता येत नसेल तर हेवर्डच्या ईस्ट बे कॅम्पसलाही अर्ज करा. तिथे क्रिमिनल जस्टिस आहे. दुसऱ्या अर्जाचे ७० डॉलर जातील, पण जाऊ द्या.

तक्त्याचे असे आहे. कॅल-गेट-सी २०२५ च्या फॉलपासून नव्याने येणाऱ्यांसाठी लागू झाले. तुम्ही २०२३ पासून खंड न पाडता शिकत असाल, तर जुन्या तक्त्याचा हक्क तुमच्याकडे आहे. काउन्सेलरकडे ‘कॅटलॉग राइट्स’ हे शब्द वापरून विचारा आणि जुन्या तक्त्याने प्रमाणपत्र देणार असल्याचे ईमेलवर लिहून घ्या. २०२५ च्याच फॉलपासून काही विषयांचे क्रमांकही राज्यभर एकसारखे झाले आहेत, उदाहरणार्थ स्टॅटिस्टिक्स आता ‘स्टॅट सी १०००’ आहे, त्यामुळे जुन्या आराखड्यातला क्रमांक सापडला नाही तरी घाबरू नका.

पाऊलवाट :

आज एक युनिटाचा विषय नोंदवला, एकूण ६०.३३ झाली. पुण्याचे कॉलेज अर्जात लिहिले आणि पूर्वीच्या नावाच्या रकान्यात वीस वर्षांनी ते नाव टंकले. आईने गुणपत्रिका स्कॅनसाठी शेजारच्या मुलाकडे दिल्या आहेत. एटीकेटीचा विषय कोणता होता हे मीच विसरले होते, तो ‘लॉ ऑफ क्राइम्स’ निघाला. काउन्सेलरची वेळ गुरुवारची मिळाली आहे. कॅटलॉग राइट्सचे काय ठरते ते इथेच कळवीन.