कापलेलं भात शेतात, वर ढग: गंजी घालावी की पसरून ठेवावं?

मलप्रभाकाठ
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात निम्मं भात कापून आडवं पडलंय, निम्मं उभं आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आहे, उद्या रात्रीपासून दोन दिवस पाऊस सांगितलाय. मळणीचं मशीन त्याआधी मिळत नाही. कापलेल्याची गंजी घालू का? उभं आहे ते आजच कापू का? विम्याचं काय? त्याच शेतात मागनं मसूर पेरायची आहे.

पिंजर
उभ्याला आज हात लावू नका. उभं भात भिजलं तरी वाऱ्यानं सुकतं. कापून पाडलेल्याला वरून पाऊस आणि खालून जमिनीची ओल, त्यामुळं लोंबीवरच मोड येतात. बांध फोडून पाण्याला वाट करून द्या. आडवं झालं तर चार-पाच ठोंबं एकत्र बांधून उभी करा.

कापलेलं आज उन्हात उलटून घ्या आणि दव पडायच्या आत उचला. एक मोठी गंजी नको, लहान-लहान घाला. जागा उंचवट्याची, खाली दगड-लाकडं मांडून वीतभर उंची, त्यावर जुनी पिंजर (भाताचा सुका पेंढा). लोंब्या आत, बुडखे बाहेर आणि किंचित खाली कलते, म्हणजे आत शिरणारं पाणी बुडख्यांवरून बाहेर ओघळतं. भोवती चर मारा.

बहुतेकांचं नुकसान ताडपत्रीनं होतं. ओलं भात चारी बाजूंनी गुंडाळलं की आत वाफ धरते, दाणा पिवळा पडतो, कुबट वास येतो. ताडपत्री फक्त माथ्यावर टाका, बाजू मोकळ्या ठेवा. उघडीप मिळाली की काढा आणि गंजीत कोपरापर्यंत हात घालून बघा. गरम लागलं तर त्याच वेळी उसकून मोकळी करा, सकाळची वाट बघू नका.

उचलता येणारच नसेल तर 10 लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ विरघळवून लोंब्यांवर फवारा. मोड यायचं प्रमाण कमी होतं. बियाण्यासाठी ठेवायच्या भातावर मात्र फवारू नका.

ढगवाट
हवामान खात्याचा पिवळा इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. हवामान खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे. कापलेल्या भाताची वाट लावायला 10 मिलिमीटरची रिपरिप आणि दोन दिवसांचं ढगाळ पुरे. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उपसागरातली वादळं तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्यावर येतात, जमिनीवर विरत जातात आणि आपल्याकडे बऱ्याचदा नुसतं ढगाळ आणि झिमझिम उरते. इशाऱ्याच्या रंगापेक्षा ऊन कधी पडणार ते बघा.

उताऱ्यावरचं नाव
पंतप्रधान पीक विम्यात कापणीनंतर 14 दिवसांपर्यंत संरक्षण आहे, पण शेतात पसरलेल्या किंवा लहान पेंढ्या बांधून वाळत ठेवलेल्या पिकालाच. एका जागी रचलेली गंजी त्यात बसत नाही. म्हणून कुणी भात मुद्दाम भिजत ठेवू नये. उचलता येईल तेवढं उचलाच. राहिलेलं भिजलं तर 72 तासांच्या आत 14447 वर किंवा पीक विमा ॲपवर कळवा. सर्व्हे नंबर हिश्श्यासह सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. अडतं ते नावापाशी: कन्नड उताऱ्यावर एक, आधारवर दुसरं. हप्ता भरतानाच रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) दोन्ही जुळवून घ्या.

मलप्रभाकाठ
लहान गंज्या घालतो. मळणीनंतर भात ओलसर राहिलं तर?

पिंजर
पोत्यात भरू नका. दोन बोटं जाडीचा थर पसरा, तासाभरानं पालथा घाला. भर दुपारच्या कडक उन्हात पातळ थर एकदम वाळवला तर दाण्याला चिरा जातात आणि गिरणीत कणी जास्त पडते. त्या वेळी ढीग करून झाकून ठेवा. ऊन नसेल तर पडवीत पसरून पंखा लावा. सरकारी खरेदीला ओलावा 17 टक्क्यांपर्यंत चालतो, घरी साठवायला 14 हवा. मसुरीची घाई नको. चिखलात पेरली तर बी कुजतं, वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्यावरच पेरा.