कचऱ्याचा डबा, ओला की सुका?

ए-२०४ काका (मुक्काम न्यू जर्सी): शुभ सकाळ मंडळी. इथे रात्रीचे साडेदहा. जावयाने आइस हॉकीच्या मॅचला नेलं होतं. कानटोपी घालूनही गारठलो.

सी-१०१: काका, ती पक, म्हणजे ती रबरी चकती, दिसते तरी का हो?

काका: कुठली दिसतेय! लोक उठले की आपणही उठायचं. पण जावयाने लॅरी रॉबिन्सनची कथा सांगितली. सहा फूट चार इंच उंच डिफेन्समन, म्हणजे बचाव सांभाळणारा. १७ सीझन माँट्रियलकडून, ३ लॉस एंजेलिसकडून, आणि वीसही वर्षं प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत. खेळाडू म्हणून स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, सहा वेळा.

बी-३०३: गोल अडवणाऱ्याचा हिशेब कसा ठेवतात?

काका: तू बर्फावर असताना आपण गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. पॉवर प्लेचे, म्हणजे समोरचा गडी शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना केलेले गोल धरत नाहीत. या गड्याचे कारकिर्दीत अधिक सातशेहून जास्त! अजून कुणी गाठलेलं नाही.

बी-३०३: आपलं मेंटेनन्सचं खातं कायम उणे 😄

काका: पुढे ऐका. २००० साली न्यू जर्सी डेव्हिल्सने सीझनचे ८ सामने उरले असताना कोच काढला आणि सहायक रॉबिन्सनला बसवलं. प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत १-३ असे मागे पडले, तेव्हा एरवी शांत असलेला हा माणूस ड्रेसिंग रूममध्ये कडाडला आणि कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली. पुढचे तिन्ही सामने जिंकले, मग डॅलसला हरवून कपही.

सेक्रेटरी: डबा ओला की सुका?

सी-१०१: 😂😂 मग तिथेच टिकले का?

काका: कुठलं! २००१ ची फायनल हरले, २००२ च्या जानेवारीत काढलं. २००५ ला परत बोलावलं, तर डिसेंबरात स्वतःच सोडलं. ताणाने तब्येत बिघडली होती. मला विचाराल तर मागे राहून सांभाळणं हाच त्याचा पिंड. २०१९ ला सेंट लुईसने कप जिंकला तेव्हाही तो सल्लागार म्हणून होताच.

सी-१०१: काका, आमच्या पिंट्याला स्केटिंगचे सर आठवडाभर उलटंच चालवतायत. परवा भांडून आले मी.

काका: अगं, डिफेन्समन अर्धा वेळ उलटाच स्केटिंग करतो. समोरच्यावरची नजर हलता कामा नये ना!

सी-१०१: अरे देवा. आज जाऊन सॉरी म्हणते.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये स्केटिंगला बंदी आहे. सुलटं असो वा उलटं. नोटीस बोर्ड बघावा.